ब्रशवरच्या सासूबाई

सासूबाईंचा स्वभाव मेल्यानंतरही सुधारला नाही, ही काकूंची जुनी तक्रार होती. माणसं मरतात, भिंतीवर जातात, चौकटीतून समोर बघत राहतात आणि मागे उरलेल्यांना चार दिवस सुखानं जगू देतात. सासूबाईंना तेवढीही रीत कळली नाही. जिवंत होत्या तेव्हा शेडमधल्या एकाही कामातून त्यांनी नाक बाहेर काढलं नाही, आणि आता भिंतीवर टांगल्यावर त्यांचा फोटो सरळ राहीना. सकाळी काकूंनी चौकट नीट करावी, दुपारपर्यंत ती डावीकडे कललेली. आणि डावीकडे, त्या नजरेच्या बरोबर टप्प्यात, काकूंची बसायची जागा होती.

"पत्र्याला वारा लागतो गं आई, भिंत हलते," असं चिरंजीव म्हणायचे.

"वारा? या शेडमध्ये?" काकू विचारायच्या. खिडकी तर त्यांच्याच हुकमानं बंद असायची.

शेड घराला लागूनच होती. आत बाकांवर बसून बायका ब्रश भरत. भांडी घासायचे, फरशी घासायचे, बाटलीत घालायचे. लाकडाच्या पाठीला भोकं पाडलेली असत. झाडाच्या सुक्या तंतूंची जुडी घ्यायची, भोकातून मागून तारेचा फास आणायचा, जुडी त्यात मधोमध अडकवायची आणि तार अशी ओढायची की जुडी दुमडून लाकडात रुतली पाहिजे. मग पुढचं भोक. यंत्रानं भरलेला ब्रश थोड्याच दिवसांत टकला पडतो, इथला पडत नसे. म्हणून समुद्रापलीकडची एक मोठी कंपनी इथून माल उचलायची. शेड त्या एका कंपनीच्या जिवावर उभी होती. ती हातची गेली तर दाराला कुलूप आणि सगळ्या बायका घरी, हे शेडमधल्या मांजरालाही ठाऊक होतं.

काकूंना हे काम शिकवलं सासूबाईंनी. शिकवलं म्हणजे काय, भरलेला ब्रश हातात घ्यायच्या आणि नखात धरून एक जुडी उपटून बघायच्या. निघाली तर ब्रश अंगावर यायचा. नाही निघाली तर घशातल्या घशात "अं-हं" करायच्या आणि ब्रश बाजूला ठेवायच्या. त्या "अं-हं"चा अर्थ चांगला की वाईट, हे काकूंना शेवटपर्यंत कळलं नाही. "बरा झालाय" एवढं ऐकायला त्यांनी उमेदीची वर्षं घालवली. सासूबाई गेल्या त्या ते शब्द बरोबर घेऊनच गेल्या.

आणि आता त्याच सासूबाईंनी शेड बुडवायचं मनावर घेतलं होतं.

सुरुवात केली चिरंजीवांनी. एका दुपारी ते फोनवर आलेलं कंपनीचं फर्मान वाचत शेडमध्ये आले.

"शाश्वत पुरवठा साखळी," त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"साखळी? कुणाच्या पायात?"

"पायात नाही गं. माल कुठून आला, कुणी केला, करणाऱ्याचे हाल झाले का, झाड तोडलं का, पाणी नासलं का, हे सगळं गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे म्हणतात. प्रत्येक ब्रशला कागदाचा बिल्ला लावायचा. त्यावर फोन धरला की करणाऱ्याचा फोटो दिसणार, चार ओळी माहिती दिसणार."

"कशाला?"

"भांडी घासताना त्यांच्या मनाला बरं वाटतं."

"जन्मभर भांडी घासली मी," काकू तार ओढत म्हणाल्या, "मला नाही कधी कुणाचा फोटो लागला."

"तुझाच घालू. सगळ्यात जुनी कारागीर तूच."

"माझं तोंड काय परक्याच्या मोरीत लोंबायला केलंय? सकाळ-संध्याकाळ खरकट्या पाण्यात बुचकळणार मला! काही नको. आणि शाश्वत म्हणजे रे काय?"

"कायम टिकणारं."

"मग तुझ्या आजीचा घाल," काकू म्हणाल्या. "मेली तरी गेलेली नाही ती."

बायका हसल्या. चिरंजीव हसले नाहीत. त्यांचं हेच चुकायचं. आईचा टोमणा कुठला आणि हुकूम कुठला, हे त्यांना जन्मापासून ओळखता आलं नव्हतं. माहिती पाठवायची मुदत त्याच दिवशी संपत होती. त्यांनी स्टुलावर चढून भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढला, खिळा तेवढा कापला आणि खाली लिहिलं : "या आजी अत्यंत शांत व मायाळू असून आयुष्यात कधीही कुणावर रागावलेल्या नाहीत."

काकूंना हे कळलं ते बिल्ल्यांचं खोकं आलं तेव्हा. कंपनीनं पुढचं पाऊल टाकलं होतं. फोनवर कशाला, आजींचा चेहराच बिल्ल्यावर छापून पाठवला होता. काकूंनी खोक्याचं झाकण उचललं आणि तशाच मागे सरकल्या. आतून सासूबाई बघत होत्या. गठ्ठ्याच्या गठ्ठ्यानं. वरचा बिल्ला काढला तर खाली सासूबाई, तो काढला तर खाली सासूबाई.

"अरे मेल्या! गंमत केली होती मी!"

"तू म्हणालीस, घाल."

"मी तुला विहिरीत उडी मार म्हणाले असते तर?"

"आता परत नाही घेता येत, आई. त्यांच्या यादीत चढली आजी. खोटी माहिती दिली म्हणून आपल्यालाच यादीतून काढतील. यादीतून गेलो की ऑर्डर गेली."

बाकांवरचे हात थांबले. सगळ्या बायका काकूंकडे बघू लागल्या. शेवटी काकूंनीच पहिला बिल्ला उचलला आणि ब्रशला बांधला. दिवस कलेपर्यंत फळ्यांवर ब्रशच्या रांगा लागल्या आणि प्रत्येक ब्रशाखालून एक सासूबाई लोंबू लागल्या. कुठूनही बघा, नजर काकूंवरच. बायका त्या दिवशी कुजबुजतच बोलल्या. कुणी शिंकलं तरी सगळ्या दचकत होत्या.

"काकू," बाकावरची उंच मावशी हळूच म्हणाली, "तो वरचा तिसरा बिल्ला बघा. त्यांनी ओठ आवळलेत."

"छापलेत तसेच आहेत. काम कर."

पण काकूंनी बघितलं. आवळलेले वाटत होते खरे.

सासूबाई परदेशात फार आवडल्या. इतका सुरकुतलेला, इतका सोसलेला चेहरा त्यांना कुठल्याच ब्रशवर मिळाला नव्हता. ऑर्डर वाढली. आणि लगेच कंपनीला काळजी वाटू लागली. इतक्या वयाची बाई काम करते, तर तिला पाठीला टेकू देणारी खुर्ची आहे का? खुर्चीवर उशी आहे का? हाताशी पाणी? तिची विचारपूस करायला आम्ही थेट फोन करू, तर तिच्याजवळ तिचा स्वतःचा फोन आहे का? या सगळ्याचे फोटो पाठवा.

मेलेल्या बाईसाठी खुर्ची आणायला काकूंची ना नव्हती. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. "मी आयुष्यभर बिनपाठीच्या बाकावर बसले," त्या म्हणाल्या, "माझ्या कण्याची साखळी कुणी विचारली नाही. आणि हिला मेल्यावर उशी!"

खुर्ची फोटोखालीच ठेवावी लागली. उशी आली, पाण्याचा तांब्या आला आणि सासूबाईंचा जुना बटणांचा फोन एका पिशवीत घालून खुर्चीच्या हाताला अडकवला. फोन वाजला की चिरंजीवांनी उचलायचा आणि "सगळं ठीक आहे" म्हणायचं, असं ठरलं.

त्या खुर्चीवर कुणी बसत नसे. बसा म्हटलं तरी कुणी बसली नसती. पण काकूंच्या लक्षात एक गोष्ट आली आणि त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला. शेडमध्ये तंतूंची धूळ उडायची. दुपारपर्यंत फळ्यांवर, बाकांवर, बायकांच्या भुवयांवर तिचा पिवळसर थर बसायचा. खुर्चीच्या हातांवर बसायचा, पाठीवर बसायचा. उशीवर मात्र धूळ नसायची. आणि उशी मधोमध दबलेली असायची.

काकूंनी उशी थोपटून फुगवली. बायका जेवून परत आल्या तर पुन्हा दबलेली.

"मांजर बसत असेल," सूनबाई म्हणाली. ही काकूंची सून, चिरंजीवांची बायको. बोलायची कमी, ब्रश भरायची झपाट्यानं, आणि काकूंच्या समोरच्याच बाकावर बसायची. तिनं सासूबाईंना कधी पाहिलं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा त्या भिंतीवरच होत्या.

"मांजर एवढं जड नाही," काकू म्हणाल्या आणि खुर्चीकडे पाठ करून बसल्या. मग पाठीवर कुणीतरी बघतंय असं वाटू लागलं म्हणून परत वळून बसल्या.

पुढच्याच आठवड्यात चिरंजीव पांढरेफटक पडून आले.

"आई, तू आजीचा फोन उचललास?"

"मी हात लावत नाही त्याला."

"काल दुपारी कंपनीचा फोन आला होता. मी माल चढवायला गेलेलो. त्यांचं यंत्र विचारतं, काही त्रास आहे का, असेल तर बोला. कुणीतरी बोललंय."

"काय बोललंय?"

चिरंजीवांनी वाचलं. "वयोवृद्ध कारागीर यांची तक्रार. शेडची खिडकी उघडू देत नाहीत. धूळ नाकातोंडात जाते. बोलायची सोय नाही."

काकूंचा हात तारेवरच थांबला. ही खिडकी बंद ठेवायचा नियम सासूबाईंचाच होता. वाऱ्यानं तंतू विस्कटतात म्हणून. काकू नव्या नवरी होत्या तेव्हा याच धुळीनं खोकून खोकून जीव जायचा आणि मनात हेच यायचं, अगदी याच शब्दांत. बोलायची सोय नव्हती. पुढे शेड काकूंच्या हाती आली, खोकला अंगवळणी पडला आणि खिडकी राहिली तशीच.

"मेल्यावर अक्कल आली म्हणायची," त्या पुटपुटल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती. त्यांनी उठून खिडकी उघडली. बिजागऱ्यांनी अशी किंकाळी फोडली की उंच मावशीच्या हातातला ब्रश उडाला. फळ्यांवरचे बिल्ले एकदम हलले. सगळ्या सासूबाईंनी मिळून मान डोलावली.

दुसरी तक्रार आली ती सरळ काळजात घुसली. "पंखा एकाच माणसाकडे वळवलेला असतो. आणि माझ्या हातचं काम कितीही चांगलं झालं तरी इथं कुणी चांगलं म्हणत नाही."

चिरंजीवांनी वाचून संपवलं तरी काकू उभ्याच होत्या. मग त्या फोटोकडे वळल्या. बायकांना वाटलं, आता घाबरून खाली बसतील. पण काकू घाबरल्या नव्हत्या, खवळल्या होत्या.

"ही माझी तक्रार आहे!" त्या फोटोवर ओरडल्या. "पंखा तुमच्याकडे असायचा! चांगलं तुम्ही म्हणत नव्हता! आयुष्यभर माझं सगळं घेतलंत, कपाट घेतलंत, नवऱ्याचा पगार घेतलात, आता तक्रारही माझीच घेता?"

फोटो डावीकडे कलला. सगळ्यांच्या देखत.

उंच मावशीनं पिशवी उचलली आणि ती चप्पल न घालताच घरी गेली.

"आई, तिसरी तक्रार गेली की आपण यादीतून बाद," चिरंजीव रडकुंडीला आले. "तसा नियम आहे त्यांचा."

काकूंनी पिशवीतून तो फोन काढला. त्याची पाठ उघडली, बॅटरी नखानं उपटली, फोन आणि बॅटरी वेगवेगळ्या चिंध्यांत बांधून तारेच्या रिकाम्या डब्यात टाकली. झाकण लावलं आणि डब्यावर ब्रशच्या पाठीच्या लाकडांची चळत ठेवली.

"आता बोला म्हणावं," त्या म्हणाल्या.

पण दोन तक्रारींवरच कंपनीनं माणूस धाडलं. तपासणीला बाई येणार, आजींना प्रत्यक्ष भेटणार, एकांतात विचारणार. निरोप सकाळी आला आणि बाई दुपारी पोचणार होती.

"आजी आजारी आहे म्हणू," चिरंजीव म्हणाले.

"मग इस्पितळात भेटायला जाईल ती."

"गावाला गेली म्हणू."

"त्या वयाच्या बाईला एकटीला धाडली? ती तिसरी तक्रार होईल."

मग चिरंजीव काकूंकडे बघू लागले. बायका बघू लागल्या. आदल्या दिवशी पळालेली उंच मावशीसुद्धा दारातून बघू लागली.

"अजिबात नाही," काकू म्हणाल्या.

"चष्मा आहे तिचा अजून. शाल आहे. नाक तुझं तसंच..."

"माझं नाक माझ्या आईचं आहे!" काकू कडाडल्या. "जिच्या नावानं मी उठता-बसता बोटं मोडली, तिचं सोंग मी घेऊ? तिच्या खुर्चीत बसू?"

उंच मावशी दारातून आत आली, आपल्या बाकावर बसली आणि रिकामे हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. मग दुसरीनं हातातली तार खाली ठेवली. शेडमध्ये कामाच्या वेळी एवढी शांतता काकूंनी कधी ऐकली नव्हती. कुलूप लागल्यावर शेड अशीच वाटेल, हे त्यांना तेव्हा कळलं.

"आणा तो चष्मा," त्या म्हणाल्या.

शालीला अजून सासूबाईंचा वास होता. चष्मा लावल्यावर सगळं जग पाण्यात बुडल्यासारखं दिसू लागलं. काकू चाचपडत खुर्चीत टेकल्या आणि ताडकन उठल्या.

"कोण बसलं होतं इथं?"

"कुणी नाही, काकू. सकाळपासून कुणी फिरकलं नाही तिकडे."

उशी गरम होती. नुकतंच कुणी उठून, सरकून जागा करून दिल्यासारखी.

दाराशी गाडी थांबली तसे चिरंजीवांनी आईला खांदे धरून बसवलं.

तपासणीवाली बाई तरुण होती, गोड बोलायची आणि दर वाक्यानंतर हातातल्या काचेच्या पाटीवर काहीतरी टिपायची. तिनं खिडकी बघितली, तांब्या बघितला. मग स्टूल ओढून काकूंच्या गुडघ्याशी बसली आणि बाकीच्यांना लांब उभं केलं. तेवढ्यात वीज गेली. पंखा घरघरत थांबला.

"आजी, फोटोपेक्षा तब्येत बरी दिसते तुमची."

"काम करणारं माणूस ताजं राहतं," काकू घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"घाबरू नका. इथं तुम्हाला कुणी त्रास देतं का? घरातलं कुणी? सून वगैरे?"

काकूंच्या आयुष्यात असा प्रश्न कधी आला नव्हता. सासूबाईंच्या तोंडून आपल्याबद्दल काय निघावं, हे ठरवायचा हक्क आज त्यांच्या हातात होता. त्या खुर्चीत सावरून बसल्या.

"सून?" त्या म्हणाल्या. "सून म्हणजे हिरा आहे हिरा! पहाटेपासून राबते. तोंडानं फटकळ आहे, पण मनानं गंगा. तिच्यासारखी तार ओढणारी या अख्ख्या मुलखात नाही. मी तिला फार छळलं. तिनं ब्र काढला नाही. तिच्यामुळे ही शेड उभी आहे, लिहा. लिहिलं का? पाय धुवून पाणी प्यावं अशी सून आहे माझी."

"अरे वा!" बाई भारावली. "कुठे आहेत त्या?"

काकूंचं तोंड उघडंच राहिलं. ही सून म्हणून उभी करायला जी बाई हवी होती, ती तर खुर्चीत बसली होती.

चिरंजीवांना आयुष्यात प्रथमच वेळेवर सुचलं. त्यांनी आपल्या बायकोला पुढे ढकललं. "ही! हीच ती सून!"

बाईनं सूनबाईचे दोन्ही हात हातात घेतले. काकू चष्म्याआडून बघत राहिल्या. त्यांच्या उभ्या जन्माचं कौतुक त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच पदरात पडत होतं.

"मग आजी, फोनवर असं का बोललात?" बाईनं पाटीवर बोट ठेवलं. "ऐकवते तुम्हाला."

यंत्रातून कापरा, म्हातारा आवाज आला. खिडकी उघडू देत नाहीत. काकूंनी कान टवकारले. दुसरी तक्रार सुरू झाली. कुणी चांगलं म्हणत नाही. आवाज बळेच थरथरवलेला होता, पण "नाही" म्हणताना शेवटी वर जाणारा तो हेल काकू रोज समोरच्या बाकावरून ऐकत होत्या. त्यांनी चष्म्यावरून सूनबाईकडे बघितलं. सूनबाई तंतूच्या जुडीसारखी पिवळी पडली होती.

काकूंच्या जिभेवर जे आलं ते या खुर्चीत बसून बोलता येत नव्हतं. त्यांनी ते गिळलं. गिळताना लक्षात आलं : आता खिडकी बंद ठेवणाऱ्या आपणच, पंखा आपल्याकडे, आणि सुनेला चांगलं न म्हणणाऱ्याही आपणच. चिडावं तर कुणावर चिडावं?

"आणि हा तिसरा," बाई म्हणाली. "आज सकाळचाच आहे."

चिरंजीवांनी डोळे मिटले. काकूंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. सूनबाईनं मान जोरजोरात हलवली, मी नाही, मी नाही. तिसरी तक्रार म्हणजे कुलूप.

यंत्रात आधी नुसती खरखर झाली. पत्र्यावर धूळ पडावी तशी. मग कुणीतरी घसा साफ केला.

"अं-हं."

काकूंच्या मानेवरचे केस उभे राहिले.

"सून तार घट्ट ओढते," आवाज म्हणाला. तो थरथरत नव्हता. कोरडा होता, घाईत होता, जणू परत जायला उशीर होत होता. "माझ्याहून घट्ट. मी उपटून बघायची. कधी निघाली नाही. बरी आहे. सांगायचं राहून गेलं."

खरखर थांबली. उघड्या खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली आणि फळ्यांवरचे बिल्ले एकमेकांवर हळूच वाजले.

"म्हणजे आता तक्रार उरली नाही ना, आजी?" बाईनं विचारलं.

आजींचा चष्मा आतून ओला झाला होता. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं.

बाईनं प्रकरण मिटवलं. वर एक उपकारही केला. इतक्या वयाच्या माणसाला काम देणं कंपनीच्या तत्त्वात बसत नाही, म्हणून आजींना आजपासून मानानं निवृत्त केलं. त्यांचं नाव यादीतून उतरलं. बिल्ल्यावर आता त्यांच्या गुणी सुनेचा फोटो, असं म्हणून तिनं सूनबाईचा फोटो काढला आणि ती गेली. ऑर्डर वाचली.

गाडीचा आवाज दूर गेला तसा काकूंनी चष्मा उतरवला.

"ये इकडे," त्या सूनबाईला म्हणाल्या.

सूनबाई आली. "दोनदा बोलले मी," ती खाली मान घालून म्हणाली. "सगळ्या जेवायला जायच्या तेव्हा जरा पाठ टेकायची त्या खुर्चीत. फोन वाजला. यंत्रानं विचारलं, काही त्रास आहे का. मला असं कुणी विचारलं नव्हतं आई, म्हणून बोलून गेले. पण आज सकाळी मी नव्हते. शप्पथ. आणि ते घशातलं 'अं-हं' मला कुठून येणार? मी त्यांना ऐकलंच नाही कधी."

काकू उठल्या. लाकडांची चळत बाजूला केली, तारेच्या डब्याचं झाकण काढलं. एका चिंधीत फोन होता. दुसऱ्या चिंधीत बॅटरी. गाठी त्यांनी मारल्या तशाच होत्या.

बायका भिंतीला चिकटल्या. चिरंजीवांनी बायकोचा हात धरला. सूनबाईच्या बाकावर अर्धवट भरलेला ब्रश पडला होता, तो काकूंनी उचलला. नखात एक जुडी धरली आणि ओढली. जुडी निघाली नाही. दुसरी ओढली. तीही निघाली नाही. सवयीनं घशापर्यंत "अं-हं" आलं. काकूंनी ते तिथंच अडवलं.

"बरा झालाय," त्या म्हणाल्या.

सूनबाई बघतच राहिली.

"पंखा फिरता ठेवत जा आजपासून. आणि त्या खुर्चीत बस, सोंग न घेता बस."

मग काकू भिंतीकडे गेल्या. फोटो आज सरळ होता. त्यांनी तरी चौकटीची धूळ पदरानं पुसली, कमरेवर हात ठेवला आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"बघितलंत, सासूबाई? असं तोंडावर म्हणायचं असतं. जिवंतपणी. कंपनीला फोन करून नाही!"